कृष्णनाथ गुरवाचा डावा कौल

आमच्या गावच्या देवळात कृष्णनाथ गुरव जितका वाकून देवाच्या पाया पडायचा, तितकं वाकताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही. कपाळ थेट मूर्तीच्या पायांना लागायचं, आणि तिथेच तो थोडा वेळ थांबायचा, नाक पाषाणाला टेकेल इतका जवळ. बायका म्हणायच्या, भक्ती असावी तर अशी. मीही मान डोलवायचो. खरं काय ते मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा मी त्याला भर सड्यावर, ओसाड कातळमाळावर, बसमधून खाली उतरवलं.

मी मधुकर. म्हापसा ते पेडणे आणि पेडण्याहून आत आमच्या गावापर्यंत माझी बस चालायची. मला राग लवकर येतो, हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. कृष्णनाथ आणि मी एका पाटावर बसून बाराखडी शिकलो. तो माझा मित्र होता आणि त्याच्यावरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. तेव्हा सांगताना कुठे आवाज चढला तर सांभाळून घ्या.

गुरव म्हणजे काय ते आमच्याकडे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. गावात कुणाला पेच पडला, म्हणजे मुलीला आलेलं स्थळ धरावं की सोडावं, विहीर कुठे खणावी, भावाभावांतली बांधाची कटकट कशी मिटवावी, की तो देवळात येऊन देवाचा कौल मागतो. गुरव काळ्या मूर्तीच्या उजव्या नि डाव्या अंगाला फुलाची एकेक पाकळी पाण्याने चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे वाट बघतात. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. गाभाऱ्यात समईचा काय तो उजेड. मानकरी आणि गाव बाहेर चौकात. पाकळी पडलेली बघायची ती एकट्या गुरवाने. त्याने वळून ‘उजवो’ म्हटलं की उजवा, ‘डावो’ म्हटलं की डावा. पोर्तुगीज गेले, पंचायत आली, मामलेदार आला, पण गुरवाच्या तोंडच्या त्या एका शब्दावर अपील आलं नाही.

कृष्णनाथ सज्जन माणूस. कुणाकडून जास्तीचा नारळसुद्धा घेतला नाही त्याने. ही सेवा त्याच्या घराकडे आली त्यालाही एक कारण होतं. आधी ती त्याच्या चुलत्याकडे होती. चुलता डिचोलीकडे खाणीवर कामाला गेला आणि सुरुंगात हाताची बोटं गमावून परत आला. देवाची सेवा अव्यंग माणसाने करायची, असा आमच्याकडे रिवाज. मानकऱ्यांनी चुलत्याला बाजूला केलं आणि कृष्णनाथाच्या बापाला आत घेतलं. चुलत्याचा मुलगा गुरुदास रोज देवळासमोर फुलं घेऊन बसायचा आणि आपल्या भावाकडे असा बघायचा, की ह्याचं एखादं बोट कधी तुटतंय! मी त्याला तोंडावर तसं म्हटलंही होतं. तो हसला होता.

कृष्णनाथाची बायको जानकी डिचोलीची. तिचा भाऊ खाण कंपनीच्या कचेरीत कारकून होता, चष्मा लावायचा. त्यामुळे चष्म्याला बिचकणाऱ्यातली ती नव्हती. त्यांना एकच मुलगी, यशोदा.

यशोदा दुसरीत असताना शाळेतल्या बाईंच्या लक्षात आलं की पोर फळ्याकडे बघतच नाही, शेजारणीच्या पाटीवरून उतरवते. बघायचं झालंच तर मान वाकडी करून डावा डोळा मिटून घेते. बाईंनी तिच्या उजव्या डोळ्यावर हात धरला आणि समोरचं झाड दाखवलं. पोर म्हणाली, "बाई, झाड नाय. धुकां पडलां." हे ऐकून जानकी पुढच्याच शुक्रवारी तिला घेऊन माझ्या बसमध्ये बसली. म्हापशाला शुक्रवारचा बाजार, बसस्टँडवर तीळ ठेवायला जागा नाही. पोरगी चुकेल म्हणून मीही दोघींबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टर म्हातारा आणि तोंडाचा फटकळ, पण समजावून सांगणारा. तो म्हणाला, पोरीला जवळचं दिसतं, लांबचं दिसत नाही. उजव्या डोळ्याचा नंबर लहान आहे, डाव्याचा फार मोठा. डावा सगळंच पुसट दाखवतो म्हणून तिच्या मेंदूने त्याचं ऐकणं सोडून दिलंय. चष्मा लावा आणि रोज काही वेळ बऱ्या डोळ्यावर, उजव्यावर, पट्टी बांधा. मग डाव्याला झक मारून काम करावं लागेल. "वर्गातला हुशार पोर गप बसल्याशिवाय मागचो तोंड उघडणा नाय," असं तो चक्क आमच्या भाषेत म्हणाला. आणि मग बोट वर करून म्हणाला, "पण ह्यां आता. ती ल्हान आसा तंवर. व्हड जाल्यार कितीय भारी काच घाला, तो दोळो शिकूचो नाय."

इतकं स्पष्ट. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. जानकीने तिथेच माप देऊन टाकलं. चष्मा पुढच्या शुक्रवारी मिळायचा होता. परतताना तिने पोरीला खाजं घेऊन दिलं आणि कोलवाळचा पूल येईपर्यंत दोघी हसत होत्या.

घरी कृष्णनाथाने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "आणखी कोणाक सांगलंस?"

जानकी म्हणाली, "सांगूक कित्याक होयां? शुक्रवारी चष्मो येतलो, तेव्हा सगळ्यांका दिसतलोच."

तोवर गावात बातमी फिरलीच होती. आमच्या गावाला बातमी फिरवायला बस लागत नाही. चष्म्याचं कुणाला फारसं वाटलं नाही, पण पट्टीचं कळल्यावर सगळे खवळले. बऱ्या डोळ्यावर पट्टी? दुखतो एक आणि बांधायचा दुसरा? ह्या दोतोराचंच डोकं बांधून ठेवा! गुरुदास तर फुलं विकता विकता म्हणाला, "गुरवाच्या घरात दोळ्यांचां दुखणां आयलां खंयसून?" बोलला सहज, पण ते कृष्णनाथाच्या कानावर गेलं.

दुसऱ्या दिवशी कृष्णनाथ म्हणाला, "देवाक विचारुया."

जानकीला ते पटलं नव्हतं. पण गुरवाची बायको देवाला विचारू नका कशी म्हणणार? गावचे नवराबायकोचे तंटे ज्या देवापुढे मिटतात, त्याच्या गुरवाने आपल्या घरचा प्रश्न परस्पर सोडवला तर लोक काय म्हणतील, हेही होतंच. सोमवारी सकाळी गाव जमला. मीही गेलो. यशोदा नवा झगा घालून चौकात सगळ्यांच्या पुढे उभी होती.

कृष्णनाथाने पाकळ्या लावल्या आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! आज तुज्या पायाकडे तुज्याच लेकराचो सवाल आसा. म्हापशाच्या दोतोरान यशोदा चेडवाच्या दोळ्यांक चष्मो सांगलेलो आसा, बऱ्या दोळ्यार पट्टी सांगलेली आसा. तां तुका मान्य आसात तर उजवो दी, नाय तर डावो दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो.

मग वाट बघणं. यशोदाने आईला हळूच विचारलं, "पडली?" जानकीने तिला गप्प केलं. थोड्या वेळाने कृष्णनाथ नेहमीसारखा पुढे होऊन वाकला. त्या दिवशी तो इतका वेळ वाकून राहिला, की थोरला मानकरी खाकरला. मग तो उठला, वळला. समयांच्या पुढे त्याचं तोंड काळोखात होतं.

"डावो," तो म्हणाला.

जानकीच्या तोंडून निघून गेलं, "परत एकदा लायात."

"एकाच सवालाक देवाक दोनदा विचारूक नाय," मानकरी म्हणाला. ते खरंच आहे, तसा रिवाजच आहे. गाव नमस्कार करून पांगला. तो चष्मा म्हापशाच्या दुकानात तयार होऊन पडला असेल. तो आणायला कुणी गेलं नाही.

पुढची वर्षं जानकीने देवाची आज्ञा पाळली, पण मनातून नाही. शेवग्याचा पाला झाला, तळपायाला गाईचं तूप झालं, कुणीतरी सांगितलेलं त्रिफळ्याचं पाणी झालं. पोर पुस्तकात नाक घालून वाचायची आणि पुस्तकाबाहेरचं जग ऐकून ओळखायची. वर्गात मागे पडत गेली. मास्तर म्हणायचे, गुरवाची पोर मठ्ठ आहे. ती मठ्ठ नव्हती हो. मी तिला बसमध्ये पाढे म्हणायला लावायचो, उलटे म्हणायची. तांब्यातलं पाणी मात्र पेल्याच्या कडेला सांडायची आणि मग आईचा धपाटा खायची.

ती आठवीत गेली तेव्हा उजव्या डोळ्यालाही लांबचं अजिबात दिसेनासं झालं. एका गुरुवारी जानकी रस्त्यावर येऊन मला म्हणाली, "भावोजी, उद्या आमका दोघांक फुडली जागा ठेयात. म्हापशाक."

मी म्हटलं, "आणि देव, वयनी?"

"देवाक मी सांगान," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा मी त्या बाईला घाबरलो.

डॉक्टर तोच, आणखी म्हातारा झालेला. उजव्या डोळ्याला त्याने काच लावली आणि यशोदाने भिंतीवरची खालची ओळ घडाघडा वाचली. मग त्याने उजवा झाकला. डाव्याला एक काच लावली, दुसरी लावली, तिसरी लावली. "आता? आता काय दिसतं?" सगळ्यात वरचं, हाताएवढं मोठं अक्षरसुद्धा तिला सांगता येईना. तिला वाटलं आपणच काहीतरी चुकतोय, आणि ती अंदाजाने अक्षरं सांगायला लागली. डॉक्टरने काच काढली. "ह्या दोळ्याक चष्मो कदी सांगलेलो?" त्याने जानकीला विचारलं. जानकी म्हणाली, "जमूक नाय." डॉक्टर चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, की आता उरला तो एकच डोळा आहे, त्याला जपा, दरवर्षी दाखवायला आणा.

चष्मा घालून परतताना यशोदा माझ्या शेजारच्या खिडकीत बसली होती. म्हापशापासून पेडण्यापर्यंत तिने रस्त्यावरची एकही पाटी सोडली नाही. दुकानांची नावं, मैलाचे दगड, समोरून येणाऱ्या ट्रकांचे नंबर, सगळं मोठ्याने वाचत आली. माणसं हसायला लागली. जानकी मागे तोंडाला पदर लावून रडत होती.

मी समजलो होतो की आता कृष्णनाथ आकाशपाताळ एक करणार. गुरवाच्या बायकोने देवाचा कौल मोडला! पण तो चकार शब्द बोलला नाही. मानकऱ्यांनी विचारलं तर म्हणाला, "चेडवाचां शिक्षण आसा, करूदेत." मला ते खटकलं. हा माणूस दुसऱ्या कुणी कौल मोडला तर त्याच्या घरी पाणी पीत नसे.

काही दिवसांनी तो समईसाठी तेल आणायला पेडण्याला निघाला. दुपारची वेळ, बस रिकामी, माझ्या बाजूच्या सीटवर येऊन बसला. मी विचारलंच. म्हटलं, "कृष्णनाथा, तुजो देव बदललो की तू बदललंस?"

त्याने डोळे बारीक करून रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मधू, तो समोर येता तो ट्रक की बस?"

समोर ट्रकही नव्हता आणि बसही नव्हती. वळणावर एक म्हैस उभी होती.

तिथून सगळं बाहेर आलं. त्याला लहानपणापासूनच लांबचं दिसत नव्हतं. पाटावर माझ्या शेजारी बसून तो माझ्याच पाटीवरून उतरवायचा, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. बापाला ठाऊक होतं. बापानेच शिकवलं, की पाकळी पडलेली दिसली नाही तर नमस्काराच्या निमित्ताने पुढे हो, वाक, आणि कुठली उरली आहे ते जवळून बघ. उरली डावी तर कौल उजवा. बोटं गेल्यावर चुलत्याला कसं काढलं ते त्या घराने पाहिलं होतं. डोळे गेलेल्याला ठेवलं असतं काय? त्यात खोटं काही नव्हतं. वर्षानुवर्षं त्याने प्रत्येक कौल असा जवळून बघून खराच सांगितला होता.

"आणि त्या दिसा?" मी विचारलं.

"त्या दिसा मी वाकलंय आणि बघतंय तर दोनूय पडलेल्यो," तो म्हणाला. "खंयची आदी पडली, माका म्हायत नाय."

"मग तसां सांगूचां होतां! ‘बघूक नाय’ म्हणूचां होतां! परत लावच्यो होत्यो!"

"कित्याक बघूक नाय म्हणान विचारतीत ना, मधू. उजवो म्हणूक गेलंय. मग मनात आयलां, चेडवाक चष्मो लागलो की गुरुदास म्हणतलो, दोळे बापाशीचे. मग सगळे माज्याकडे बघतीत. तोंडातसून डावो गेलो."

मी ब्रेक मारला. मोपाच्या सड्याकडचा रस्ता, तेव्हा तिथे विमानतळ नव्हता, कातळ आणि गवत आणि ऊन. "उतर," मी म्हटलं. तो निमूट उतरला. मी गाडी हाकली. थोडं पुढे जाऊन आरशात पाहिलं तर तो तिथेच उभा, भलत्याच बाजूला तोंड करून. बस कुठे गेली तेही त्याला दिसत नव्हतं. मी शिव्या घालत गाडी मागे घेतली आणि त्याला परत चढवला. "चेडवाक सांग," एवढंच म्हणालो. "सांगतलंय," तो म्हणाला.

सांगितलं नाही. आणि पुढे तर सांगणं त्याला जास्तच जड होत गेलं, कारण यशोदाने त्या डोळ्याचं आपल्यापुरतं उत्तर शोधून काढलं होतं. चष्म्यावरून कुणी चिडवलं की ती शांतपणे म्हणायची, "एक दोळो देवाक व्हयो होतो, त्यान ठेवन घेतल्यान." देवाने मागितला आणि आपण दिला, असं ती खरंच मानायची. पहाटे उठून देऊळ झाडायची, चौक सारवायची, दिव्यांना वाती करायची, माहेरवाशिणीने करावं तितक्या मायेने. कृष्णनाथ आत पूजा करायचा आणि बाहेर ही झाडायची. तो कसा पूजा करत असेल, देव जाणे.

डावा डोळा वापरात नसल्यामुळे हळूहळू बाहेरच्या बाजूला कलायला लागला. यशोदा लग्नाची झाली तेव्हा समोरच्याला ते लगेच दिसायचं. तेरेखोलच्या बाजूचं एक स्थळ आलं, पोहे खाऊन गेलं. डिचोलीच्या मामाने एक आणलं, तेही गेलं. यशोदा म्हणायची, "जाऊदे. देवान माका हयच ठेवची ठरवल्यान आसतली." जानकीला ते ऐकवत नसे. आधी देवाचं ऐकलं हे चुकलं की मग मोडलं हे चुकलं, याचाच ती शेवटपर्यंत हिशेब लावत राहिली. काविळीचं निमित्त झालं आणि ती गेली. मरतानाही तिला खरं ठाऊक नव्हतं. तेव्हा मी कृष्णनाथाला स्मशानातच म्हणालो, की आता तरी त्या पोरीला सांग, नाहीतर मी सांगतो. तो माझे पाय धरायला लागला. मीही माणूसच. सोडून दिलं.

मग लक्ष्मी आली. ती वरच्या वाड्यावरची, सुपाऱ्या विकणारी. तिची नात पाच-सहा वर्षांची, नाव पद्मावती. तिला शाळेच्या तपासणीत तेच निघालं, एक डोळा बरा, दुसऱ्याचा नंबर मोठा. चष्मा आणि पट्टी. काळ बदलला होता, गावात टीव्ही आले होते, पण लक्ष्मी जुन्या वळणाची. आधी गुरवाच्या पोरीला देवाने नाही म्हटलं होतं, मग आपण परस्पर कसं करायचं? ती कौल मागायला आली.

सोमवार होता. चौकात गाव जमला होता, मी होतो, बायकांत यशोदा उभी होती. कृष्णनाथाने पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं मात्र घातलं नाही. त्याने हात पुढे करून दोन्ही पाकळ्या आपल्याच हाताने काढून घेतल्या. गावात असं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

"ह्या सवालाक कौल नाय," तो म्हणाला. "लक्ष्मी, चेडवाक उद्याच म्हापशाक घेवन जा. देवाक विचारू नको, माका तर विचारूच नको." आणि मग पाषाणाकडे पाठ करून त्याने सगळं सांगितलं. आपले डोळे, बापाची शिकवण, आणि त्या दिवशीच्या दोन पडलेल्या पाकळ्या.

तुम्हाला वाटेल गाव पेटला असेल. गाव गप्प झाला. प्रत्येकाच्या मनात आपापला कौल आला असणार. ह्याच्या ‘उजवो’वर कुणाची लग्नं झाली होती, ह्याच्या ‘डावो’वर कुणी जमिनीवर पाणी सोडलं होतं. गुरव ह्या एकाच दिवशी चुकला हे मला माहीत होतं, पण ते मानायला त्यांच्याकडे पुरावा काय? सगळं उकरायचं तर गावात एक घर शाबूत राहिलं नसतं. थोरला मानकरी उठला आणि मऊ आवाजात म्हणाला, "गुरवाक बरां नाय. बायल गेल्यापासून मन थाऱ्यार नाय. दोळ्यांत मोतीबिंदू जालो आसतलो. आता सेवा गुरुदासान करूची." सगळ्यांनी माना डोलवल्या. मोतीबिंदू सगळ्यांना चालला. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं तेवढं राहिलं. गुरुदाससुद्धा खूश झालेला दिसला नाही.

मी यशोदाकडे बघितलं. ती चौकातून निघून गेली होती.

त्या आठवड्यात ती बापाशी बोलली की नाही मला ठाऊक नाही. देऊळ झाडायला मात्र ती आली नाही. शुक्रवारी सकाळच्या फेरीला रस्त्यावर लक्ष्मी, पद्मावती आणि मधे यशोदा अशा तिघी उभ्या. "मधूकाका, तिकीट माजां आणि ह्यांचांय," ती म्हणाली आणि पुढच्या सीटवर बसली.

संध्याकाळच्या फेरीला त्या परतल्या. पद्मावतीच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती आणि ती कोलवाळपासून भोकाड पसरून रडत होती. दिसत नाही, काढा, म्हणत होती. आजी पाघळली होती, पदराने नाक पुसत हात पट्टीकडे नेत होती. यशोदाने आजीचा हात धरून ठेवला. "रडूदे," म्हणाली. "रडलां म्हणान दोळो जाणा नाय."

गावात बस थांबली तर कृष्णनाथ आधीच रस्त्यावर येऊन उभा. दारात कोण उतरतंय ते त्याला दिसत नव्हतं, पण पोरीचं रडणं ऐकून तो पुढे आला.

"यशोदा? कितां सांगल्यान दोतोरान?"

ती पायरीवर थांबली. "वेळार आणलां म्हणालो. पट्टी नेमान बांदली तर दोळो सुदारतलो."

कृष्णनाथाने देवळाच्या दिशेला वळून हात जोडले. "देवाची कृपा गो बाय. देवाची कृपा."

"देवाक मदी आणू नकात, बाबा," यशोदा म्हणाली.

तो तसाच हात जोडून उभा. ती खाली उतरली आणि त्याच्या अगदी जवळ, त्याला स्पष्ट दिसेल इतक्या जवळ जाऊन उभी राहिली. मी गाडी पुढच्या थांब्याकडे काढायला हवी होती, मागची माणसं ओरडत होती, पण मी ब्रेकवरचा पाय काढला नाही.

"देवाचो राग करूक येणा नाय," ती म्हणाली. "म्हणान इतकी वर्सां मी कोणाचोच करूक नाय. आता तुमचो करतलंय."

मला वाटलं तो आता पाया पडेल, माझ्या पडला होता तसा. पण त्याने हात खाली घेतले.

"कर," तो म्हणाला. "कर गो बाय."

आणि तिने केला. त्यानंतर तो बरीच वर्षं जगला. तिने त्याला वेळच्या वेळी गरम पेज वाढली, तापात अंग पुसलं, शेवटी खरोखरचा मोतीबिंदू झाला तेव्हा हाताला धरून इस्पितळात नेलं. बोलली मात्र एक शब्दही नाही. पद्मावतीची पट्टी होती तोवर ती बांधायला यशोदा रोज वरच्या वाड्यावर जायची, आणि त्या पोरीशी चाललेली तिची बडबड मला खाली रस्त्यावर ऐकू यायची.